कुंदा गुडघा, हप्ता दुसरा

गुणवंत हिंगमिरे आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समध्ये मराठी माणूस तसा दर दुसऱ्या बिल्डिंगमध्ये सापडतो, पण गाडी लावल्यावर वाकून चारही चाकं पांढऱ्या रेषेच्या आत आहेत का ते बघणारा हा एकच. देराच्या एका ट्रेडिंग कंपनीत ते कमर्शियल मॅनेजर आहेत. कंपनी बाथरूमचं सामान विकते. आपण काय विकतो ते सांगताना गुणवंत ‘सॅनिटरीवेअर’ म्हणतात, आणि कुणी सरळ ‘कमोड’ म्हटलं की त्यांचा चेहरा जरासा पडतो. बायको छाया इथल्या एका इंडियन स्कूलमध्ये हिंदी शिकवते. मुलगी शुभ्रा इथेच वाढली, आता युनिव्हर्सिटीत आहे. तिला मराठी सगळं समजतं आणि उत्तर ती इंग्रजीत देते.

खोड म्हणावी अशी या माणसाला एकच. पैसे पाठवताना बँकेच्या ॲपमध्ये ‘रिमार्क’ नावाचा एक चौकोन येतो. तुम्ही-आम्ही तो रिकामा सोडतो. गुणवंतांना रिकामा चौकोन बघवत नाही. त्यांची थोरली बहीण कुंदाताई फलटणला एकटी राहते. भारतातल्या खात्यातून ते तिला अधूनमधून पैसे पाठवत आणि प्रत्येक वेळी त्या चौकोनात इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत. ‘आंबे ॲडव्हान्स.’ ‘कुंदा गुडघा.’ काही महिन्यांनी ‘कुंदा गुडघा, हप्ता दुसरा.’ ऑपरेशननंतर ताईला खाली बसता येईना म्हणून ‘कुंदा कमोड’. सॅनिटरीवेअर हा शब्द चौकोनात मावला नव्हता. आणि गेल्या दिवाळीत ‘वॉशिंग मशीन, छायाला सांगू नये’. हे शेवटचं वाक्य नेमकं कुणासाठी लिहिलं होतं, ते त्यांना नंतर कधीच नीट सांगता आलं नाही.

आता दुसरे गुणवंत. महाराष्ट्राचे माजी पाटबंधारे मंत्री गुणवंतराव हिंगमिरे. योगायोगाने दोघांच्याही वडिलांचं नाव विष्णू. आमच्या गुणवंतांना या नावसाम्याचा थोडा उपयोगच झाला होता. एकदा महाबळेश्वरला त्यांना सरकारी विश्रामगृहात खोली मिळाली होती आणि सकाळी न मागता ऑम्लेट आलं होतं.

गुणवंतरावांच्या कारकिर्दीत एका धरणाला दरवाजे बसवायचं कंत्राट निघालं. दरवाजे आले, पैसे गेले, धरण यायचं राहिलं. सरकार बदललं, गुणवंतराव विरोधी बाकांवर गेले, आणि नव्या सरकारला त्या दरवाजांची आठवण झाली. पैसा दुबईला गेला, असं बोललं जाऊ लागलं. विधिमंडळाने संयुक्त चौकशी समिती नेमली, अध्यक्ष शोभनाताई करमरे. समितीने बँकांना समन्स काढलं: गुणवंत विष्णू हिंगमिरे या नावाची असतील नसतील तेवढी सगळी खाती आठवड्याच्या आत सादर करा.

गुणवंतरावांच्या नावावर बँकेत खातंच नव्हतं. जे काही होतं ते सौभाग्यवतींच्या, मेहुण्यांच्या आणि एका ड्रायव्हरच्या नावावर होतं. एकच जुनं खातं जिल्ह्याच्या एका पतसंस्थेत होतं आणि त्या पतसंस्थेचे कागद पुरात भिजले होते. इतर बँकांनी ‘निरंक’ कळवलं. एका बँकेत मात्र कुणीतरी नाव टाइप केलं, बटण दाबलं, आणि पडद्यावर एक गुणवंत विष्णू हिंगमिरे उगवले. पत्ता दुबई. बँकेत म्हणे टाळ्या वाजल्या.

आमच्या गुणवंतांना ईमेल आला की सक्षम प्राधिकरणाच्या आदेशानुसार आपल्या खात्याचा तपशील सादर करण्यात आला आहे. त्यांना वाटलं केवायसीचं काहीतरी असेल. तत्पर सेवेबद्दल आभार मानणारं उत्तर त्यांनी लगेच पाठवलं.

त्यानंतरच्या रविवारी छाया पोळ्या करत होती. हॉलमध्ये मराठी न्यूज चॅनल चालू होतं. पडद्यावर लाल पट्टी आली आणि निवेदक गरजला की समितीच्या हाती लागलेली दुबईची कुंडली फक्त आमच्याकडे. मग खात्याचा उतारा दिसला, आणि त्यातली एक ओळ पिवळ्या रंगात मोठी होत होत पूर्ण पडदाभर झाली. ‘कुंदा गुडघा.’

छाया लाटणं हातात घेऊन बाहेर आली. गुणवंत सोफ्यावर बसल्या बसल्या घामाने भिजले होते. ती त्यांच्याशेजारी बसली. अभ्यासक नावाचे चार गृहस्थ चार चौकटींत होते. गुडघा हे सांकेतिक नाव आहे, यावर त्यांचं एकमत होतं. कुणाचं, यावर नव्हतं. ऊर्जामंत्र्यांच्या गुडघ्यावर मागच्याच वर्षी शस्त्रक्रिया झाली होती, हे एकाने सहज म्हणून सांगितलं आणि अर्ध्या तासात ऊर्जामंत्र्यांना आपला खुलासा पाठवावा लागला. ‘कमोड’ म्हणजे कमोडिटी मार्केट. ‘आंबे’ म्हणजे पेट्या. मग निवेदकाने आवाज खाली आणला आणि शेवटची ओळ वाचली. छायाला सांगू नये. छाया म्हणजे शेल कंपनी, असं एक अर्थतज्ज्ञ म्हणाले. अशा कंपन्यांचं खरं रूप सावलीतच असतं.

छायाने रिमोट घेतला आणि आवाज बंद केला.

“ताईंना वॉशिंग मशीन घेऊन दिलंस, त्याचं काही नाही,” ती म्हणाली. “पण मला आधी कळायला हवं होतं की महाराष्ट्राला?”

शुभ्रा खोलीतून फोन घेऊन आली आणि म्हणाली, “बाबा, यू आर ट्रेंडिंग. वेल, युअर ग्रोसरीज आर.”

दुसऱ्या दिवशी खातं गोठवल्याचा मेसेज आला. पुण्याच्या फ्लॅटचा मेंटेनन्स परत फिरला. ताईला व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंचे पैसे अडकले. गुणवंतांनी बँकेला फोन लावला. ओळख पटवण्यासाठी त्यांना शेवटच्या तीन व्यवहारांविषयी विचारलं गेलं. त्यांनी ते सांगितले. पलीकडची मुलगी म्हणाली, सर, हे तर सगळ्यांनाच माहिती आहे, दुसरं काही सांगा.

मग त्यांनी समितीच्या कार्यालयात फोन केला. हा फोन त्यांनी मला शब्दशः ऐकवला आहे. नाव विचारल्यावर त्यांनी पूर्ण नाव सांगितलं. पलीकडच्या कारकुनाचा आवाज एकदम नरम झाला. साहेब, तुम्ही स्वतः कशाला तसदी घेतलीत, पीएंना सांगायचं. गुणवंत म्हणाले, मी साहेब नाही. कारकून म्हणाला, बरोबर आहे साहेब, फोनवर नकोच.

इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज पंच्याहत्तर सुप्रभात येत, ती थांबली. मंडळाचा सेक्रेटरी निनाद अत्यंत सभ्य मुलगा. त्याने घरी येऊन सांगितलं की गणेशोत्सवाच्या जेवणाची जबाबदारी यंदा दादांनी घेतली नाही तरी चालेल, दादांना आरामाची गरज आहे. गुणवंतांनी त्याला विचारलं, तुला तरी वाटतं का की मी माजी मंत्री आहे? निनाद म्हणाला, प्रश्न वाटण्याचा नाही, परसेप्शनचा आहे. देराच्या ऑफिसात मात्र त्यांचा भाव वाढला. केरळचा स्टोअरकीपर त्यांच्यासाठी रोज स्वतःहून करक, म्हणजे इथला दाट दुधाचा चहा आणून ठेवू लागला. एवढी वर्षं हा माणूस गिऱ्हाइकांकडे दरवाढ मागताना अडखळायचा आणि आत धरणाचे दरवाजे गिळून बसला होता, याचं त्याला कौतुक वाटत होतं.

शुभ्राने एक व्हिडिओ तयार केला. त्यात ती बाबांचा पासपोर्ट दाखवून इंग्रजीत सगळं समजावून सांगत होती. छायाने तो टाकू दिला नाही. इथले कायदे कडक, तेव्हा इथे राहून कुणाच्या नावाने ऑनलाइन काही बोलायचं नाही, हे या घरात वीज-पाण्याच्या बिलाइतकं पक्कं आहे. शुभ्रा चिडली. “सो एव्हरीवन कॅन टॉक अबाउट अस एक्सेप्ट अस,” ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

तिकडे गुणवंतराव पहिले काही दिवस खरं बोलत होते. माझं असं खातं नाही, माझा या खात्याशी संबंध नाही, असं ते ठिकठिकाणी सांगत होते. त्यांच्यावर एकाचाही विश्वास बसेना. त्यांचा स्वीय सहायक तन्मय वयाने लहान, पण हुशार. त्याने एका दुपारी तो उतारा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढला, जो तोपर्यंत समितीतही कुणी पूर्ण वाचला नव्हता. आणि त्याच्या लक्षात आलं की यात काहीच नाही. सोसायटीचा मेंटेनन्स, विम्याचा हप्ता, बहिणीचा गुडघा, एका देवळाला एकशे एक रुपये. इतका स्वच्छ माणूस बाजारात शोधून मिळाला नसता.

पुढच्या आठवड्यात गुणवंतरावांनी पत्रकार परिषद घेतली. आधी पाणी प्यायले. मग म्हणाले, हो, ते खातं माझंच आहे. इतके दिवस गप्प राहिलो, कारण बहिणीचं दुखणं चव्हाट्यावर आणायचं नव्हतं. आज विचारतो, बहिणीच्या गुडघ्याला पैसे देणं हा या राज्यात गुन्हा आहे का? इथे ते पुन्हा पाणी प्यायले. एका पत्रकाराने छाया कोण म्हणून विचारलं. गुणवंतरावांच्या पत्नीचं नाव मंदाकिनी. ते म्हणाले, आयुष्यभर सावलीसारखी उभी राहिली, घरात मी तिला छायाच म्हणतो. मंदाकिनीबाई शेजारी बसल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पहिल्यांदाच भेटल्यासारखं पाहिलं, आणि मग पदर डोळ्याला लावला.

महाराष्ट्र विरघळला. अर्थतज्ज्ञ म्हणाले, असा साधा उतारा आम्ही हयातीत पाहिला नाही. आमच्या छायाने तेवढं पाहून टीव्ही बंद केला आणि म्हणाली, मला घरात काय म्हणतोस ते आठवून बघ एकदा.

गुणवंतरावांना सख्खी बहीण नव्हती. ती अडचण तन्मयने दोन दिवसांत सोडवली. कार्यकर्त्यांनी फलटणला कुंदाताईंचं घर शोधून काढलं. गुणवंतराव स्वतः गेले, साडी दिली, गुडघ्याचे एक्सरे उजेडाकडे धरून पाहिले. ताईने बोटिम ॲपवर फोन करून हे भावाला सांगितलं. तिच्या आवाजात तक्रार अजिबात नव्हती. गुणवंत संतापले. हा माणूस तुझा कोणी नाही, त्याला घरात का घेतलंस, असं त्यांनी विचारलं.

“अरे, तू फोनवर गुडघ्याची चौकशी करतोस,” ताई म्हणाली. “त्याने येऊन बघितला तरी.”

त्या रात्री ते जेवले नाहीत, असं छाया म्हणाली. चार वर्षांत ते फलटणला गेले नव्हते. कारणं होती, खरी होती, पण ताईने ती विचारली नव्हती.

मग तन्मय दुबईला आला. एका शनिवारी सकाळी पांढरा शर्ट घालून दारात उभा. त्याने वाकून नमस्कार केला, पोहे दोनदा घेतले, घराचं भाडं विचारलं. गुणवंत म्हणाले, वर्षाला ऐंशी हजार दिरहम. तन्मयने डोळे मिटून हिशेब केला आणि पुटपुटला, म्हणजे एकोणीस लाख, आणि मालकी शून्य. मग तो मुद्द्यावर आला. तो अतिशय अदबीने बोलत होता.

“सर, खातं तुमचंच आहे, ते आम्हाला माहिती आहे,” तो म्हणाला. “फक्त काही दिवस साहेबांचं असू द्या.”

“मग मी काय करायचं?”

“काहीच नाही. तुम्ही तेच तर उत्तम करता, सर. तो उतारा बघा. आम्ही कितीही खपलो असतो तरी साहेबांना इतकं साधं दाखवू शकलो नसतो.”

बदल्यात एक पुरस्कार होता, सागरापार असलेल्या मराठी माणसासाठी, शाल आणि दोन लोकांची विमानाची तिकिटं धरून. गुणवंतांनी हात जोडले आणि सांगितलं की मला माझं खातं हवंय, बाकी काही नको. तन्मयला वाईट वाटलं नाही. तो म्हणाला, सत्य सांगायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, फक्त ते कुणाच्या सोयीचं आहे ते एकदा बघून घ्या.

गुणवंतांनी बघितलं नाही. त्यांनी शोभनाताई करमऱ्यांना रजिस्टर्ड पत्र पाठवलं, पासपोर्ट, व्हिसा, एमिरेट्स आयडी, कंपनीचा दाखला, सगळ्याच्या प्रती जोडल्या. समितीने व्हिडिओ कॉलवर साक्ष घ्यायचं मान्य केलं.

साक्षीसाठी कॅमेरा चांगला हवा म्हणून माझा लॅपटॉप नेला होता, त्यामुळे मी तिथे होतो, फ्रिजशेजारच्या स्टुलावर, कॅमेऱ्यात येणार नाही असा. गुणवंतांनी सूट घातला होता आणि मागच्या भिंतीवरून शुभ्राचं जुनं कराटेचं सर्टिफिकेट काढून टाकलं होतं. पडद्यावर लांबलचक टेबल, त्याभोवती दोन्ही बाजूंचे आमदार, मधे शोभनाताई. काही जण फोन बघत होते. एक जण काजू खात होता.

शोभनाताईंनी नाव विचारलं. गुणवंतांनी पूर्ण नाव सांगितलं, तेव्हा टेबलाभोवती जराशी हालचाल झाली. ते माझंच खातं आहे, ते म्हणाले, आणि पासपोर्ट कॅमेऱ्यासमोर धरला. तो उलटा दिसत होता, मी खूण केली, त्यांनी सरळ केला.

सत्ताधारी बाजूच्या एका आमदाराने विचारलं की तुम्हाला हे बोलायला गुणवंतरावांनी सांगितलंय का. विरोधी बाजूच्या एकाने विचारलं की तुम्हाला हे बोलायला सरकारने सांगितलंय का. तो पुढे म्हणाला, आमच्या साहेबांनी खातं जाहीरपणे मान्य केलं आहे, बहिणीला भेटून आले आहेत, आता ते हिरावून घेणारे तुम्ही कोण? गुणवंत म्हणाले, खातेदार. त्यावर दोन्ही बाजूंनी एकदमच हरकत घेतली. अधिवेशनभर एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं त्या एका मुद्द्यावर माना हलवत होती.

त्याचं कारण मला नंतर कळलं. खातं भलत्याच माणसाचं निघालं तर समितीचं हसं होणार होतं. आणि गुणवंतरावांचं सत्ताधाऱ्यांशी बोलणं चालू होतं, जवळजवळ ठरलंही होतं. त्यामुळे त्या खोलीत त्या क्षणी एकच माणूस असा होता ज्याला ते खातं गुणवंत हिंगमिऱ्यांचं, देराच्या गुणवंत हिंगमिऱ्यांचं असायला हवं होतं, आणि तो त्या खोलीत नव्हता.

शोभनाताई वाईट बाई नव्हत्या. त्यांनी चष्मा पुसला आणि सरळ विचारलं, “मार्चमधली ही नोंद. आंबे. मार्चमध्ये कसले आंबे?”

“ॲडव्हान्स, मॅडम. नंतर चांगली पेटी मिळत नाही.”

कुणीतरी हसलं. त्यांनी हसणाऱ्याकडे पाहिलं आणि पुढची नोंद वाचली. छाया कोण? गुणवंत म्हणाले, माझी पत्नी. तेवढ्यात छाया स्वयंपाकघरातून आली. तिला यायचं नव्हतं, असं ती नंतर म्हणाली. ती कॅमेऱ्यासमोर वाकली.

“मी छाया,” ती म्हणाली. “जिला सांगू नये असं लिहिलं होतं ती. आता मला कळलेलं आहे. तेव्हा ते मशीन, तो गुडघा आणि हा माणूस, तिन्ही आमचे आहेत, एवढं लिहून घ्या.”

शोभनाताईंनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. मग त्यांनी साक्षीदारांचे आभार मानले, नोंद घेतली जाईल असं सांगितलं, आणि पडदा काळा झाला. गुणवंतांनी टाय सैल केला. छायाने त्यांच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. वॉशिंग मशीनची बातमी आल्यापासून तिने आपणहून त्यांच्यासमोर काही ठेवायची ही पहिलीच वेळ होती. त्या संध्याकाळी दोघं इब्न बतूता मॉलमध्ये फिरायला गेली, आणि माझी खात्री झाली की प्रकरण मिटलं.

समितीचा अहवाल अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी मांडला गेला. साक्षीचा उल्लेख त्यात होता. ‘श्री. गुणवंत विष्णू हिंगमिरे यांनी समितीसमोर हजर राहून सदर खाते आपलेच असल्याचे निःसंदिग्धपणे मान्य केले.’ वाक्यात चूक काढायला जागाच नव्हती. गुणवंतांनी ते तीनदा वाचलं आणि प्रत्येक वेळी ते खरंच निघालं. ‘त्यांच्या पत्नीनेही यास दुजोरा दिला,’ असं पुढे होतं. गुणवंतरावांच्या सचोटीचा तो पुरावा मानला गेला. सभागृहाने अहवाल एकमताने स्वीकारला. आठ दिवसांनी गुणवंतराव सरकारात गेले. खातं पाटबंधारेच मिळालं, आणि त्या न झालेल्या धरणाला आता उंच दरवाजे लागतील असा त्यांचा पहिला निर्णय होता.

गुणवंतांचं बँकेचं खातंही खुलं झालं. ज्या समितीने ते गोठवलं तिनेच ते निर्दोष ठरवलं, तेव्हा बँकेने क्षमा मागायचं कारण नव्हतं. मेंटेनन्स गेला, व्यायामाच्या बाईंचे पैसे गेले. निनाद पेढे घेऊन आला. मंत्रिमहोदय गणेशोत्सवाला येतील का, दादांनी नावाच्या ओळखीने शब्द टाकावा, असं तो सुचवत होता.

गुणवंतांना लागलं होतं ते वेगळंच. मला वाटलं, खातं दुसऱ्याच्या नावावर गेल्याचा राग असेल. तसं नव्हतं. अहवालाच्या शेवटी एक ओळ होती: ‘सदर खात्यात गेल्या बावीस वर्षांत एकही महत्त्वाचा व्यवहार आढळून आला नाही.’ ती ओळ ते मेट्रोत उभ्याने वाचत, ऑफिसात वाचत. एका संध्याकाळी पार्किंगमध्ये त्यांनी मला विचारलं की हे वाक्य तुम्हाला कसं वाटतं. मी म्हटलं, क्लीन चिट आहे. ते म्हणाले, हो, तेच.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी रजा टाकली आणि फलटणला गेले. एकटेच. छायाने ताईसाठी खजूर आणि गुडघ्याला लावायचा पट्टा दिला. तिथे काय झालं ते त्यांनी परत आल्यावर आमच्या बाल्कनीत बसून सांगितलं, फारसं न हसता.

ताईच्या फाटकाजवळचा खड्डा बुजला होता. नळाला दोन वेळा पाणी येत होतं. हॉलमध्ये सतरंजी अंथरली होती आणि त्यावर माणसं बसली होती, हातात अर्ज घेऊन. कुणाला बदली हवी होती, कुणाला विहीर, एका बाईच्या मुलाला कॉलेजात जागा. मंत्र्यांची बहीण म्हणून ताई रोज सकाळी अर्ज घ्यायची आणि दर शुक्रवारी तन्मयचा माणूस गठ्ठा घेऊन जायचा. त्यातली काही कामं होतही होती. गुणवंतांनी आत नेऊन ताईला विचारलं की तू यांना खरं का सांगत नाहीस.

“सांगितलं की,” ताई म्हणाली. “पहिल्याच दिवशी. कुणाला पटलं नाही. म्हणाले, ताई किती साध्या आहेत.”

मग तिने त्यांना चहा टाकायला सांगितला, कारण आता माणसं वाढली होती आणि तिला फार वेळ उभं राहवत नव्हतं. गुणवंतांनी मोठ्या पातेल्यात चहा केला. पुढेही रोज तो त्यांनाच करावा लागला. चौथ्या की पाचव्या दिवशी ते कप भरून बाहेर आले तेव्हा विहिरीचा अर्ज आणलेल्या एका म्हाताऱ्याने ताईला विचारलं की हे पाहुणे कोण. ताईने सांगितलं की हा माझा भाऊ, दुबईला असतो.

म्हातारा कप खाली ठेवून उठला. त्याने गुणवंतांचे पाय धरायचा प्रयत्न केला, त्यांनी त्याला कसंबसं अडवलं. म्हाताऱ्याने त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं, डोळे, नाक, कपाळ, आणि साहेबांशी ताडून बघितल्यासारखी मान हलवली.

“साहेबांचे धाकटे की थोरले?” त्याने विचारलं.

गुणवंत मला म्हणाले की त्यांनी खरंच क्षणभर विचार केला. सगळं पहिल्यापासून सांगायचं त्यांच्या जिभेवर आलं होतं. सतरंजीवरची सगळी माणसं त्यांच्याकडे बघत होती. ताई बघत नव्हती, ती गुडघा चोळत होती.

“थोरला,” ते म्हणाले, आणि अर्ज घ्यायला हात पुढे केला.